बडोद्याहून किती तास?

दांडिया बाजारातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी बावीस वर्षं विमानाची तिकिटं काढतोय. लोक तिकीट घेऊन जातात, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. एक सांगायला घेतला की मागून चार येतात!

*

पाणीगेटचे सोनीकाका पहिल्यांदाच मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला निघाले होते. तिकिटावर दिल्ली दुपारी दोन, तिकडे त्याच दिवशी संध्याकाळी पाच.

"बस, त्रण कलाक? तीनच तास?" काका खूश. "सुरतेला जायलाही एवढाच टाइम लागतो!"

प्रवास सोळा तासांचा आहे, तिकडचं घड्याळ मागे असतं, असं मी समजावलं. काकांनी मान डोलवली आणि परतीचं तिकीट पाहिलं. रविवारी बसायचं, मंगळवारी उतरायचं.

बराच वेळ बघून म्हणाले, "येताना चढ लागतो काय?"

*

नंदेसरीला केमिकल कंपनीत इंजिनिअर असलेले शिर्के. जर्मनीला कॉन्फरन्स. त्यांना वेळ कमीत कमी हवा होता, म्हणून मध्ये विमान बदलायला फक्त पन्नास मिनिटं ठेवा म्हणाले.

"साहेब, ओछुं पडेल, वेळ कमी आहे," आमचे शेठ निमेषभाई म्हणाले.

"प्लांटमध्ये मी मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवतो!"

शिर्के धावले आणि त्यांना विमान मिळालं. बॅगेला नाही मिळालं. सगळी कॉन्फरन्स त्यांनी एकाच शर्टात काढली.

परत आल्यावर म्हणाले, "हिशोब बरोबरच होता. बॅगेला पळता येत नाही, तेवढं राहिलं."

*

सबनीस सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. शिकागोला मुलीकडे जाऊन आले ते तक्रार घेऊनच.

"पायलटला रस्ता माहीत नव्हता! समोरच्या स्क्रीनवर मी बघत होतो. सरळ पश्चिमेला जायचं सोडून त्यानं विमान पार उत्तरेला नेलं."

मी म्हटलं, "सर, तोच जवळचा रस्ता आहे."

"मला सांगतोस?"

दुसऱ्या दिवशी सर पृथ्वीचा गोल आणि दोरा घेऊन आले. माझ्या टेबलावर दिल्लीपासून शिकागोपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा गेला उत्तरेकडूनच. सरांनी तो पुन्हा एकदा ताणून पाहिला.

"तीस वर्षं," शेवटी म्हणाले, "पोरांना भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून अंतर मोजायला लावलं."

मग गोल काखेत मारून उठले. दारातून म्हणाले, "पायलट पास!"

*

आमच्या गल्लीतले चिटणीसकाका सकाळी गेले. मुलगा अभिजित टोरांटोला. तो तिकडून फोनवर, मी इकडे कॉम्प्युटरवर फ्लाइट शोधतोय. टोरांटो ते दिल्ली, दिल्ली ते बडोदे.

मी काकूंना फोन केला. मागे नातेवाइकांचे आवाज येत होते. "इतका वेळ कशाला ठेवायचं? पुतण्या देईल अग्नी." काकांची शिस्त गल्लीभर माहीत. लग्नाला उशीर झाला म्हणून ते सख्ख्या भाच्याच्या मांडवातून उठून आलेले!

"मकरंद, नक्की किती तास?" काकूंनी विचारलं.

"घरी पोचेपर्यंत सव्वीस तरी, काकू."

 त्या फोन कानाला तसाच धरून घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं म्हणाल्या, "बर्फ मागवा. जन्मात कुणासाठी पाच मिनिटं थांबले नाहीत. आज थांबू देत!"