अण्णांची नवी मेडलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या वाटूर गावचे नाही म्हणून.

आधी चांगलं सांगतो. या सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, छातीवर तीन मेडलं लावून झेंड्याला सलामी ठोकली. ऐंशीच्या घरातला फौजी, गुडघे गेलेले, पण त्या घडीला कसा ताठ उभा! मेडलं नवी होती. जुनी हरवली, म्हणून त्यांच्या बदल्यात मी सरकारकडून मिळवलेली. पोलिसांत तक्रार, शपथपत्र, जालन्याच्या सैनिक कार्यालयात चकरा — सगळं मी केलं. पाकीट आलं तेव्हा अण्णांनी मेडलाच्या कडेवर कोरलेला आपला फौजेतला नंबर अंगठ्यानं चाचपला. "बराबर हाय," म्हणाले आणि ढसाढसा रडले. मीही रडलो. आणि गावात माझी केवढी वाहवा! पोरगा असावा तर असा, म्हणे. फाट्यावरचा टपरीवाला मला चहाचे पैसे देऊ देईना.

आता पुढचं. जुनी हरवली कशी, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना माहीत आहे ना — आईनं हरवली. दिवाळीच्या साफसफाईत तिनं अण्णांचा जुना फौजी कोट भांडेवालीला देऊन त्यावर स्टीलचा डबा घेतला, आणि मेडलं कोटाच्या खिशात होती. आमच्या घरात हे इतकं पक्कं आहे की आई स्वतःही तसंच सांगते. अण्णा त्या डब्यातलं कधी खात नाहीत. पाहुण्यांसमोर टोमणे मारतात, "हिनं माझी इज्जत डब्यावर इकली." आणि ती मान खाली घालून ऐकते. इतकी वर्षं.

खिशात होती, हे पाहिलं कुणी? कुणीच नाही. मी म्हणालो होतो. त्या दिवाळीत अण्णा मेडलांसाठी पेटी उपसत होते, आई घाबरून दारात उभी, आणि मी — पंचविशीतला घोडा, काही लहान नव्हतो — मी म्हणालो, "कोटाच्या खिशात असतील, अण्णा."

कोटात काही नव्हतं. त्याच्या आधीच, पोळ्याला, मी मेडलं पेटीतून काढली होती. अण्णा तेव्हा अंकुशनगरच्या कारखान्यावर वॉचमन, त्यांना रजा नव्हती. आई चुलीपाशी पुरणात अडकलेली. आमचा हरण्या बैल वेशीत उठून दिसावा, एवढीच हौस. झूल आणि बाशिंग सगळ्यांच्याच बैलांना असतं — रंगीत फितींची चकाकती मेडलं कुणाकडे होती? त्याच्या कपाळावरच्या गोंड्यात ओवली. कुठून आणलं म्हणून पोरं विचारायला लागली, तर जालन्याच्या बाजारातून, असं ठोकून दिलं. अण्णांनी मेडलं कधी कुणाला दाखवली नव्हती, त्यामुळे कुणी ओळखली नाहीत. खरं सांगू? हरण्यासारखा बैल त्या वर्षी गावात नव्हता. हे सांगताना आजही छाती फुगते, आणि त्याची लाज वाटते. मग वेशीतलं तोरण तुटलं, बैल उधळले. मारुतीपाशी पोचलो तर कपाळावर नुसता गोंडा. दिवस मावळेपर्यंत चिखल चिवडला. काही मिळालं नाही.

तेव्हा बोललो असतो तर? अण्णांनी मला बडवलं असतं, बास. पण आई आयती सापडली. नव्या मेडलांसाठीच्या शपथपत्रातही मी तोच कोट लिहिला, आणि ती माझ्याशेजारी बसून, हो, माझीच चूक, असं वकिलाला सांगत होती.

या सव्वीस जानेवारीला सलामी झाल्यावर अण्णांनी माईक मागितला. आयुष्यात कधी भाषण न केलेला माणूस. म्हणाले, "हिच्या हातून चूक झाल्ती. पोरानं भरून काढली. आज सगळ्यांम्होरं सांगतो, म्या हिला माफ केलं. आता हिला कुणी काही बोलायचं न्हाई."

टाळ्या थांबेनात. आई बायकांमधून उठली, सगळ्यांदेखत माझ्यापाशी आली, माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली. "तुझ्यामुळं सुटले रं बाबा," म्हणाली.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं, आई."