टिटवीचा भरवसा

मनकर्णा दोघींनाच भ्यायची, नदीला आणि सासूला. आणि नशीब असं की उन्हाळाभर दोघींच्याच कुशीत राहावं लागे. पुलगावजवळ वर्धा नदी आटली की रेतीत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावायचे आणि तिथंच झोपडी टाकून राखण करायची, हा तिच्या सासरचा पिढीजात धंदा. नाहीतर कोल्हे डांगरांची वाडी साफ करत.

सासू धुरपताबाई. डोळ्यांनी अधू, पायांनी अधू, जिभेनं मात्र धडधाकट. पावसाचं सगळं ज्ञान तिला टिटवीकडून यायचं. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस लवकर, खाली रेतीत घातली तर उशिरा. पंचावन्न सालच्या वैशाखात टिटवीनं झोपडीपुढेच, पात्राच्या मधोमध अंडी घातली आणि म्हातारीनं निकाल देऊन टाकला.

एके दिवशी मनकर्णाचा नवरा नत्थू बैलगाडीत डांगरं भरून पुलगावच्या बाजारात गेला होता. वाडीवर दोघीच. डोक्यावर ऊन रखरखत होतं. पण आर्वीच्या अंगाला, जिथून नदी येते, तिथं एक काळा ढग सकाळच्या भाकरीपासून ठाण मांडून बसला होता. वैशाखातली वादळं कशी, धूळ उडवतात, चार थेंब टाकतात आणि पुढे जातात. हा मेला जागचा हलेना. तिकडे नुसता कोसळत होता, ते इथूनही दिसत होतं.

“आत्याबाई, काठावर चाला. तो ढग सरकून नाई राह्यला.”

“तिकडं आर्वीले पडते, तुले काऊन भेव? टिटवी का येडी हाये? मी नाई येत. कोल्हे खातीन वाडी.”

भर दुपारी कोल्हे म्हणे. पण सासूपुढे बोलायची काय प्राज्ञा? मनकर्णा वेलांना पाणी घालू लागली. नजर ढगावरच, निम्मी घागर बाहेरच सांडत होती. थोड्या वेळानं वारा फिरला आणि ओल्या मातीचा वास आला. मग बारीक घरघर ऐकू आली, जातं फिरावं तशी. आगगाडी असेल म्हणून तिनं रेल्वेच्या पुलाकडे पाहिलं. पुलावर गाडी नव्हती.

तिनं घागर टाकली, झोपडीत शिरली आणि सासूला धान्याच्या पोत्यासारखं पाठीवर घेतलं. सुनेनं असं करणं म्हणजे आक्रीतच. म्हातारीनं शिव्यांची लाखोली वाहिली, पाठीत बुक्क्या घातल्या. “सोड वं मले. येऊ दे नत्थूले, तुले माहेरीच धाडते.” मनकर्णा पळत राहिली. रेतीत पाय रुतत होते, छाती फुटायची वेळ आली, पण मागे वळून पाहायची हिंमत होईना. आधी घोट्याला गढूळ पाणी लागलं. बघता बघता ते मांडीला आलं. पाठीवरच्या बुक्क्या थांबल्या. म्हातारीनं तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारली.

काठावरची बाभूळ धरून मनकर्णा वर चढली, तेव्हा खाली झोपडी नव्हती, वाडी नव्हती. डांगरं पाण्यावर डोकी काढून चालली होती. टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. इथं अजून एक थेंब पडला नव्हता.

त्यानंतर मनकर्णाला सासूची भीती वाटली नाही. पाण्याची मात्र मरेपर्यंत वाटली. उन्हाळ्यात ढग थांबलेला दिसला की ती हातातलं काम टाकून काठ गाठायची.

पुढच्या वैशाखात टिटवीनं पुन्हा रेतीतच अंडी घातली. नत्थूनं हौसेनं आईला सांगितलं. म्हातारीनं चाचपडत काठी शोधली, गोधडी बगलेत मारली आणि सुनेला म्हणाली, “चाल वं, मले काठावर नेऊन दे.”