राजकुमारीला नवीन कपडे मिळण्याबाबत

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही, ते आपोआप साचतात. आमची शाळा रायपूरच्या टोकाला, भनपुरीच्या पुढे, उरल्याच्या कारखान्यांच्या वाटेवर. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, इतकी तिथे धूळ. किस्स्यांचंही तसंच आहे. आज एक झटकला की उद्या त्याच जागी दुसरा बसलेला असतो.

मी ते शंकर नगरहून निघणाऱ्या आमच्या व्हॅनमध्ये सांगते. व्हॅनमधल्या बाकीच्या बाया ऐकून हसतात आणि मला सांगताना पुन्हा राग येतो. माझ्या शेजारी कुसुमताई बसतात. त्या गणित शिकवतात, त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात आहे आणि त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. माझे वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून आलेले. आमच्या घरात आवाज चढलेलाच असायचा. "सुनंदा, तू काहून एवढी तापून राहिली वं? शाळा का तुह्या बापाची हाय?" असं कुसुमताई मला आठवड्यातून दोनदा तरी विचारतात.

यंदाचे माझे सगळे किस्से एका राजकन्येचे आहेत.

* * *

आठवीच्या पुस्तकात धडा आहे. इंग्लंडात ट्यूडर घराणं राज्य करत होतं, त्यातल्या एका राजकन्येची दिनचर्या. ही पुढे राणी झाली आणि फार मोठी राणी झाली. धड्यात तिचं नाव आहे, पण आमच्या वर्गात तिला सगळ्या मुली "राजकुमारी"च म्हणतात. सकाळी उठून प्रार्थना, मग ग्रीक, जेवणानंतर लॅटिन, मग वाद्य, भरतकाम, घोड्यावर फेरी. धड्याखाली प्रश्न: राजकन्येच्या दिवसाची आपल्या दिवसाशी तुलना करा.

मुलींनी तुलना केली. एका बाजूला ग्रीक आणि लॅटिन, दुसऱ्या बाजूला नळ, चूल, धाकटा भाऊ, शाळा, पुन्हा नळ. मी वह्या बघत होते तेवढ्यात मागच्या बाकावरून डिलेश्वरीने हात वर केला. उंच, काटक पोरगी. बोलते कमी, पण बोलली की लिहून ठेवावं असं बोलते.

"मैडम, ये राजकुमारी तो दिन भर पढ़ती ही है। पानी कौन भरता है?"

पुस्तकात नव्हतं. पुस्तकात पाणी भरणाऱ्या बाईची दिनचर्या कधीच नसते. मला पुस्तक लिहिणाऱ्याचा राग आला, आणि इतकी वर्षं हा धडा शिकवून मला हा प्रश्न पडला नाही, म्हणून स्वतःचाही आला.

* * *

प्राचार्यसाहेब एक दिवस वर्गात मागे येऊन बसले. मी सांगत होते की राजकन्येचं तिसरं वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा तिच्या बापाने, म्हणजे राजाने, तिच्या आईचं डोकं उडवलं. मुलगा झाला नाही हा राग होताच, वर आळ घेतले. मुली श्वास रोखून ऐकत होत्या.

तास संपल्यावर साहेबांनी मला व्हरांड्यात थांबवलं. म्हणाले, मुलींवर नकारात्मक परिणाम होतो.

"पण सर, हे झालेलं आहे."

"हुआ होगा। लेकिन माँ का सिर कट गया, ये मत बताइए। कहिए कि माँ का ट्रांसफर हो गया।"

दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये मी हे सांगितलं तेव्हा ड्रायव्हरने हसून गाडी बाजूला घेतली. मी हसले नाही. ज्या वर्गात निम्म्या मुलींनी घरात काय काय पाहिलेलं आहे, त्या वर्गापासून एका राणीचं मरण लपवायचं, आणि तेही बदलीच्या ऑर्डरखाली!

* * *

आई गेली आणि दुसरी गोष्ट झाली. राजकन्येची पदवी काढून घेतली. काल ती राजकुमारी होती, आज नुसती अमुक बाई. त्या एवढ्याशा पोरीच्याही ते लक्षात आलं होतं म्हणतात. नोकरमाणसं हाक मारताना अडखळतात, हे लहान मुलाला पहिलं कळतं.

हे सांगताना मी कुसुमताईंकडे बघायचं टाळते. त्या सहा वर्षं आमच्या प्रभारी प्राचार्य होत्या. शाळेची भिंत त्यांनी उभी केली, मुलींच्या संडासाला दार त्यांनी लावून घेतलं. एका सोमवारी त्या आल्या तर खोलीवरची त्यांच्या नावाची पाटी जमिनीवर ठेवलेली आणि खुर्चीत हे साहेब. कागद शनिवारी संध्याकाळीच आला होता, कोणी त्यांना कळवलंही नाही. शनिवारपर्यंत "मैडम, मैडम" करणारा बाबू म्हणाला, "दीदी, आपका पीरियड है।"

मी त्या दिवशी भांडायला निघाले होते. त्यांनी माझा हात धरला, पाटी पिशवीत टाकली आणि आठवीच्या वर्गावर गेल्या. पुढे कधीतरी मी विचारलं, त्या पाटीचं काय केलं.

"पाण्याच्या ड्रमावर ठेवली. बरोब्बर बसली माय. पहिल्यांदा ती पाटी कामात येऊन राहिली."

* * *

आता कपड्यांचं. पदवी गेली तशी राजकन्येच्या कपड्यांची आठवणही दरबाराला राहिली नाही. पोर वाढत होती, जुने झगे तोकडे होत होते आणि नवे कोणी पाठवत नव्हतं. शेवटी तिला सांभाळणाऱ्या बाईने मंत्र्याला पत्र लिहिलं की हिच्याकडे अंगात घालायला काही उरलेलं नाही. हे मी वर्गात सांगितलं आणि डिलेश्वरी खाली बघायला लागली.

तिचा शाळेचा कुर्ता सहावीतला होता. मनगटापासून बाही चार बोटं वर आणि बगलेत उसवलेला. मुलींना शाळेतून गणवेश मिळतो, यंदाही आला, पण तिचा आला तो सहावीच्या मापाचा. मापांची जी सूची वर पाठवतात, ती कोणीतरी दोन वर्षांपूर्वीचीच पुन्हा पाठवली होती. बाकीच्या मुली कशाबशा मावल्या. ही मावली नाही.

प्रार्थनेच्या वेळी साहेबांनी तिला रांगेतून बाहेर काढलं. अनुशासन. कुर्ता पूर्ण नाही तर वर्गात नाही. ती व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बाही खाली ओढत. दुसऱ्या दिवशीही तेच.

मी साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, पोरगी एवढी वाढली आहे, डोळ्यांनी दिसते आहे. त्यांनी फाईल उघडली, बोट ठेवलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"सूची में तो छोटी ही है।"

मी बाहेर आले. त्याच दिवशी घरी जाताना कापड घेतलं. सकाळी तिच्यापुढे धरलं तर तिने हातही लावला नाही.

"आपके वाला नइ, मैडम। मोला मोरेच वाला चाही।"

तुमचा नको, मला माझाच हवा. मला आधी तिचा राग आला आणि मग लक्षात आलं की त्या शाळेत सगळ्यांत बरोबर बोललेली तीच आहे. ती दानाची वाट बघत नव्हती. तिच्या नावाचा कुर्ता कुठेतरी अडला होता आणि तिला तो हवा होता.

* * *

त्या आठवड्यात मी वर्गाला गृहपाठ दिला. तुम्ही राजकन्येला सांभाळणाऱ्या बाई आहात, मंत्र्याला पत्र लिहा. डिलेश्वरीला प्रश्न मी व्हरांड्यात नेऊन दिला.

एक्केचाळीस पत्रं आली आणि एक्केचाळीसही आवेदनं, म्हणजे सरकारी अर्ज, निघाली. आमच्याकडे मुलींना पत्र म्हणजे एवढंच ठाऊक आहे. कारण पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणाची पेन्शन अडली, कोणाचं राशन कार्ड अडलं, की लिहायला आठवीतली पोरगीच बसते. "सेवा में, श्रीमान मंत्री महोदय, राजमहल। विषय: राजकुमारी को नए कपड़े प्रदान करने बाबत। महोदय, सविनय निवेदन है कि..." एकीने तर खाली "प्रतिलिपि: श्रीमान राजा जी की ओर सूचनार्थ" असंही टाकलं होतं.

डिलेश्वरीचं सगळ्यांत छोटं होतं. राजकुमारीकडे कुर्ता नाही, सलवार नाही, ओढणी नाही. "राजकुमारी बढ़ रही है, इसमें उसकी कोई गलती नहीं है।" आणि खाली माप. लांबी, खांदा, बाही, पाऱ्यातल्या शिंप्याकडून घेतलेलं, इंचांत. शेवटी शाळेचं नाव आणि कक्षा आठवी.

मी ते व्हॅनमध्ये वाचून दाखवलं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी डिलेश्वरी शाळेत आली नाही. पाचव्या दिवशीही नाही. आई तिची रोलिंग मिलमध्ये झाडायला जाते, तिने निरोप पाठवला: पोरगी म्हणते, बाहेरच उभं राहायचं तर घरी काम तरी होतं. मी आमच्या शाळेत हे वाक्य फार वेळा ऐकलं आहे. यानंतर बहुतेक पोरी परत येत नाहीत.

* * *

आता आमच्या बाबूबद्दल. सज्जन माणूस आहे, पण ज्या कागदाच्या माथ्यावर "सेवा में" असेल त्याला तो न वाचता जावक क्रमांक देतो आणि वर पाठवतो. मी पत्रांचा गठ्ठा त्याच्या टेबलावर पाच मिनिटं ठेवला, एवढीच माझी चूक. एक्केचाळीस आवेदनं शिक्के मारून गणवेशाच्या कार्यालयात पोचली.

महिनाभराने परत आली. प्रत्येकाला लाल शाईत आक्षेप. आवेदिकेचा निवासाचा दाखला नाही. पित्याचा उत्पन्नाचा दाखला नाही. मातेचे निधन झाले असल्यास मृत्यू प्रमाणपत्र जोडावे, त्यात मृत्यूचे कारण नमूद असावे.

साहेब घामाघूम झाले. मला कारणे दाखवा नोटीस निघाली. मी चार पानी जळजळीत उत्तर लिहिलं, ते कुसुमताईंनी वाचलं, घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं आणि कोऱ्या कागदावर सुंदर अक्षरात एक ओळ लिहून दिली:

"आवेदिका अब रानी बन चुकी हैं, अतः प्रकरण नस्तीबद्ध किया जाए।"

साहेबांनी ते न वाचताच सही करून पाठवलं. नस्तीबद्ध म्हणजे फाईल बंद. ती खरंच बंद झाली.

फक्त मी गठ्ठा मोजला तेव्हा आवेदनं चाळीसच होती. माप लिहिलेलं परत आलं नव्हतं.

* * *

आणि हा शेवटचा.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. सकाळी शाळेत एक पाकीट आलं, सोबत वाटपाची सूची. सूचीत एकच नाव, पुढे मापं आणि सहीची रिकामी जागा. "राजकुमारी, कक्षा आठवी।" आत एक कुर्ता, एक सलवार, एक ओढणी.

साहेबांनी सगळी हजेरीपुस्तकं मागवली. राजकुमारी नावाची मुलगी आमच्या शाळेत नाही. ते म्हणाले, पाकीट परत करा. कुसुमताई म्हणाल्या, "सर, दुपार तक रुकिए," आणि मला घेऊन व्हॅनमध्ये बसल्या. मी त्यांना एवढ्या घाईने चालताना कधी पाहिलं नव्हतं.

डिलेश्वरी नळावर होती. मी म्हटलं, शाळेत कुर्ता आला आहे. तिने हंडा खाली ठेवला नाही.

"मोर वाला?"

"नाव तुझं नाही," मी म्हटलं. "माप तुझं आहे."

तिने थोडा विचार केला. हंडा घरात ठेवून आली आणि तोच तोकडा कुर्ता घालून आमच्याबरोबर निघाली.

साहेबांच्या खोलीत कुसुमताईंनी पिशवीतून टेप काढला. सूची साहेबांच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्ही वाचा. ते वाचत गेले, त्या डिलेश्वरीच्या अंगावर मोजत गेल्या. लांबी चाळीस. चाळीस. खांदा चौदा. चौदा. बाही अठरा. कुसुमताईंनी तिच्या हाताला टेप दोनदा लावला. अठरा.

साहेबांनी चष्मा काढला. "लेकिन इसका नाम तो डिलेश्वरी है।"

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे सहा महिन्यांचा राग तयार होता. पण डिलेश्वरी पुढे झाली, तिने टेबलावरचं पेन उचललं, आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"सूची में तो राजकुमारी ही है, सर।"

आणि सही केली.