धाकटी पाय बघते

माझ्या बहिणीबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. समोरचा टायरवाला सांगेल, पोस्टमन सांगेल, आमच्या गॅरेजमध्ये एकदाच येऊन गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा सांगेल. मला विचारत असाल तर आधीच सांगून ठेवते, मी तिच्यावर जळते. ती तीन वर्षांची होती तेव्हापासून जळते. आता ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, मी एक्कावन्नची, आणि माझं अजून तेच चाललंय.

गॅरेज बाबांचं. मी त्यात सव्वीस वर्षं राबतेय. इंजिन उघडायचं, क्लच उतरवायचा, गिअरबॉक्स खाली घ्यायचा, सगळं माझ्या हातचं. माझ्या नखांतलं काळं माझ्या लग्नातही निघालं नव्हतं. धाकटी मात्र अठरा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. स्वच्छ कपडे, गळ्यात शिट्टी, दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं आणि लोकांना म्हणायचं, "हळू... हळू... आता सोडा." मागच्या वर्षी ते स्कूल बंद पडलं. एक दिवस फाटकात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, घरात बसून कंटाळा येतो गं. काहीतरी काम दे."

काम काय देणार कपाळ! दहाचा पाना मागितला तर बाराचा आणते, आणि वर विचारते, "हा चालेल का?" मी तिला फोनवर बसवलं. फोन घ्यायचा, गाडीचं कार्ड लिहायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही.

महिन्याभरात सगळे तिचेच झाले. फोनवर लोक "त्या ताई आहेत का?" असं विचारायला लागले, आणि ती ताई म्हणजे मी नव्हे. बाबा तिच्या विनोदांना हसायचे. त्यांच्या तोंडात अजून एवढे दात शिल्लक आहेत हे मला तेव्हा कळलं. चहा आला की अर्धा आपल्या कपातून तिच्या कपात ओतायचे. मी गाडीखाली पडल्या पडल्या सगळं बघायचे. गाडीखालून माणसांचे फक्त पाय दिसतात, पण कोण कुणाच्या खुर्चीजवळ जाऊन उभं राहतंय ते बरोबर कळतं.

तिची एक सवय तर माझ्या डोक्यात जायची. कुणाच्याही गाडीत शेजारी बसली की ती रस्त्याकडे बघत नाही, चालवणाऱ्याच्या पायांकडे बघते. आणि समोर काही आडवं आलं की आपलाही पाय जमिनीवर दाबते. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक असायचा ना, त्याची सवय. माझ्या गाडीत बसली की दर चौकात खालून धप्प असा आवाज. "अगं, मी सव्वीस वर्षं गाडी चालवतेय!" "हो गं ताई, चुकून झालं." पुढच्या चौकात परत धप्प.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडे कुठलीही गाडी बाबांनी शेवटची फेरी मारल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. गॅरेजमागच्या चढावर न्यायची, वर वळवायची, खाली आणायची आणि कार्डावर सही करायची. दुरुस्ती कुणीही करो, गाडी ठीक झाली असं म्हणणारे बाबा. सव्वीस वर्षांत त्या कार्डावर माझी सही एकदाही झाली नाही. काम माझं, शब्द त्यांचा. मी कधी बोलले नाही, कारण मला ठाऊक होतं, एक दिवस ती फेरी माझ्याकडे येणार.

तो दिवस आला तोच आडवातिडवा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला साफ मनाई केली. जेवताना बाबा म्हणाले, "शेवटची फेरी आता दुसऱ्या कुणीतरी मारायला हवी. महिनाअखेरीला सांगतो."

कुणीतरी! त्यांच्याशिवाय गॅरेजात माणसं दोन. त्यातल्या एकीला पान्याचे आकडे कळत नाहीत, आणि हे म्हणतात कुणीतरी. धाकटी निवांत जेवत होती.

त्याच आठवड्यात नर्सबाईंची गाडी आली. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, बाहेरून चकाचक. नर्सबाई टेकडीवरच्या हॉस्पिटलात. त्यांची तक्रार अशी की पाय कितीही दाबला तरी गाडी चढावर ओढत नाही, मागचे लोक हॉर्न मारमारून जीव खातात, आणि गिअर टाकताना करकर आवाज होतो. मी मनात म्हटलं, ही गाडी माझी. हिच्यावरच बाबांना दाखवून देते.

आमच्याकडे गाडी आत आली की पहिलं काम म्हणजे मॅट बाहेर काढायच्या. बाबांचा नियम. एकदा फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी कोऱ्या मॅटवर ऑइल सांडलं होतं, तेव्हापासूनचा. मॅट काढून फाटकाजवळच्या तारेवर टाकायच्या, आणि शेवटची फेरी झाली, सही झाली, गाडी पुसून झाली, की अगदी शेवटी परत आत. मी तशाच काढल्या, तारेवर टाकल्या आणि कामाला लागले.

ॲक्सिलरेटरची केबल बघितली, थोडी ढिली होती, ती ताणली. एअर फिल्टर बदलला. हवा आत जाते ते थ्रॉटलचं तोंड काजळलं होतं, ते साफ केलं. क्लचची केबल सारखी केली. चढावर नेली तर गाडी अशी पळाली की बास. बाबांचा परवाना अजून महिनाभर होता आणि डॉक्टरांचं ते ऐकत नव्हते. त्यांनीही फेरी मारली, मान हलवली, सही केली.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई परत दारात. "काहीच फरक नाही हो."

मी परत गाडी घेतली. मॅट तारेवर, गाडी चढावर. झकास! काही म्हणजे काही नाही. तरी मी क्लचची प्लेट बदलली, केबल अजून जरा आवळली. बाबांनी फेरी मारली, सही केली. चार दिवसांनी परत त्याच, आणि आता रडवेल्या. "माझंच काही चुकतंय का? मला गाडी चालवता येत नाही का?"

मी तोंडावर हसले, आणि मनात म्हणाले, हो बाई, तुलाच येत नाही. तिसऱ्यांदा गाडी उघडली. प्लेट नवी, केबल नवी, सगळं चोख. बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. तेच मला जास्त झोंबत होतं. तिसऱ्यांदा गाडी बाहेर गेली आणि दोन दिवसांत फोन आला. फोन घेतला धाकटीनं.

मला ऐकू येत होतं. "हो... हो... रडू नका. असं करू या का, उद्या सकाळी तुम्ही ड्यूटीला निघाल तेव्हा मी तुमच्या शेजारी बसून येते. मला गाडीतलं काही कळत नाही हो, पण येते."

जा, म्हटलं. तेवढंच एक सकाळ तिचं तोंड बघायला नको.

ती बसनं परत आली आणि थेट मला टायरच्या चळतीमागे घेऊन गेली. बाबांना दिसणार नाही अशा जागी. "ताई," ती हळूच म्हणाली, "त्यांचे पाय खालपर्यंत जातच नाहीत."

"म्हणजे?"

"त्यांच्या पायाखाली तीन मॅट आहेत. आधीच्या मालकाची जाड गालिच्यासारखी एक, तिच्यावर रबराची, आणि तिच्यावर यांनी हौसेनं घेतलेली नवी. क्लच पुरता खाली जायच्या आतच मॅटला टेकतो, म्हणून गिअर करकरतो. ॲक्सिलरेटरही तसाच अर्ध्यात अडकतो. त्या बिचाऱ्या जीव काढून दाबतायत आणि दाबतायत ती मॅट."

मॅट! मी तीनदा माझ्या हातानं त्या काढल्या, तारेवर टाकल्या, चढावर गाडी पळवली आणि तीनदा परत माझ्या हातानं आत घातल्या. तीन थर एकदम उचलायचे, जड लागले तर म्हणायचे, चांगल्या प्रतीच्या दिसतात.

"तू सांग बाबांना," धाकटी म्हणाली. "गाडी तुझी आहे."

तिथं मी म्हणायला हवं होतं, नाही, तू सांग, तुला सापडलं. एवढंच. माझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? मी सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, मला कळलं. पेडलखाली मॅट अडकतात." मला कळलं. आम्हाला नाही, तिला नाही, मला. धाकटी मागे उभी होती, ती कार्ड लिहायला बसली.

बाबांनी चष्मा पुसला, परत घातला, माझ्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई गाडी घेऊन आल्या. मी खालच्या दोन मॅट काढून टाकल्या, वरची पेडलपासून बोटभर मागे कापली, आणि क्लचची केबल मी उगाच आवळून ठेवली होती ती परत जागेवर आणली. मॅट आत असतानाच सगळं तपासलं. बाबा बाजूला उभे होते. मला वाटलं, झालं, आता बाबा किल्ली माझ्या हातात देतील. एवढ्यात नर्सबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "त्या कुठायत? माझ्या पायांकडे बघत बसल्या होत्या त्या? त्यांचे आभार कसे मानू! त्यांनीच शोधलं ना सगळं."

बाबांनी मान वळवली. धाकटी टेबलामागून उठली, आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "अहो, मी नुसती गेले होते. ताईनंच सांगितलं होतं, जा आणि त्यांचे पाय बघ म्हणून. मला काय कळतंय त्यातलं?"

किती सहज! मी एक खोटं बोलले तर रात्रभर कूस बदलत होते. ही उभ्या उभ्या बोलली आणि नर्सबाईंना पटलंसुद्धा. खोटं बोलायचं म्हटलं तरी ही माझ्यापेक्षा सरस!

बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "चल. मी शेजारी बसतो. आजपासून फेरी तू मार."

सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली ते असं माझ्या तळहातावर आलं. मी गाडी काढली. गाडी लोण्यासारखी चालत होती आणि मला त्याचं काडीचंही सुख लागत नव्हतं. चढाच्या मध्यावर मी बोलून टाकलं, "बाबा, मॅट तिनं शोधल्या. मी तिला पाठवलं नव्हतं. मी खोटं बोलले, आणि मला झाकायला तीही बोलली."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मॅट काढायचा नियम कुणाचा? माझा. तीन वेळा गाडी परत आली ती माझ्या नियमापायी, आणि मीही तीन वेळा बिनमॅटची फेरी मारून सही ठोकली. हे तुला सापडलं असतं, तर तू मला आधी भर गॅरेजात चार शब्द सुनावले असतेस. आणि तू येऊन काय म्हणालीस? मला कळलं. तेही शांतपणे." ते हसायला लागले. "तू, आणि शांत!"

मला हसू येईना. "मग किल्ली मला कशाला दिलीत?"

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "धाकटीनं सांगितलं होतं. मी विषय काढला त्याच दिवशी. म्हणाली, बाबा, फेरी ताईला द्या, ती कधीची वाट बघतेय. मी देणारच होतो तुला. पण सांगितलं तिनं, हे खरं."

दुसरी कुणी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला राग आला. एवढा राग आला की कान तापले. म्हणजे जी गोष्ट माझी, फक्त माझी, तीही हिनंच उचलून माझ्या ताटात वाढली होती. आणि मी महिनाभर तिच्या नावानं बोटं मोडत होते!

मी वर जाऊन वळलेच नाही. तिथूनच गाडी मागे फिरवली आणि फाटकात आणून उभी केली. "ए धाकटे! इकडे ये."

ती धावत आली. "काय झालं? बिघडली?"

"बस. माझ्या जागी."

"अगं पण फेरी तर तुझी—"

"बस म्हटलं ना! पाय कसे जातात ते तुला कळतं, इंजिन कसं ओढतं ते मला कळतं. कार्डावर सह्या दोघींच्या होतील. आणि जास्त गोड बोललीस तर खाली उतरवीन."

ती बसली. बाबा तिच्या शेजारी, मी मागच्या सीटवर. तिनं गाडी चढाला लावली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. खोटं कशाला बोलू, एकदा तरी तिच्या हातून गिअर करकरावा म्हणून मी मागे कान लावून बसले होते. नाही करकरला. करकरणार कसा, क्लच मी बसवला होता.