सहा नंबरची ओळ

चोपड्याच्या बाहेर केळी पिकवण्याचं एक मोठं शेड होतं. आत आठ बंद चेंबर. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत ठेवायची, दार लावायचं, गॅस सोडायचा आणि चार-पाच दिवस तापमान सांभाळायचं. सतरा अंशांच्या आसपास राहिलं तर केळी एकसारखी पिवळी होतात. पंचवीसच्या पुढे गेलं तर साल हिरवी राहते आणि आतला गर शिजल्यासारखा मऊ होतो. तसा माल कुणी घेत नाही.

तिथल्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे होतं. मी जळगावला राहत होते. महिन्यातून दोनदा एसटीनं चोपड्याला जायचे, काही बिघडलं तर मध्येही. आठही चेंबरची तापमानं दाखवणारा प्रोग्रॅम लिनक्स प्रणालीवर चालायचा. त्यात खिडक्या नव्हत्या, चित्रं नव्हती, माऊसही नव्हता. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं.

त्या पडद्यासमोर चाचा बसायचे. जळगावचे, साठीला टेकलेले. आठवडाभर चोपड्यात खोली घेऊन राहायचे आणि शुक्रवारी घरी जायचे. शेड उभं राहिलं तेव्हापासून ते तिथे होते. दर अर्ध्या तासाला पडद्यावरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे आणि काही बिघडलं तर मेकॅनिकला हाक मारायची, एवढं त्यांचं काम. मी गेले की स्वतः उठून खुर्ची द्यायचे. "बस बेटा, लांबून आलीस."

एप्रिलमध्ये व्होल्टेजच्या झटक्यानं जुना कॉम्प्युटर जळाला. शेडच्या मालकांनी, शेठनी, नवा घेतला, सोबत भला रुंद मॉनिटर. मी सगळं त्यावर चढवलं. पडदा लागला तो जुन्याच मापात, ऐंशी अक्षरं रुंद आणि पंचवीस ओळी. एवढ्या मोठ्या काचेवर ती अक्षरं ताणून बसवल्यासारखी, जाडीभरडी दिसत होती. शेठ मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, टीव्ही नवा आणि सिनेमा जुनाच?"

मला ते लागलं. जुन्या पडद्यावर एका चेंबरला तीनच ओळी मिळायच्या. हवेतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड, कॉम्प्रेसरची स्थिती पाहायची तर वेगळं बटण दाबून वेगळ्या पानावर जावं लागायचं. मला कितीतरी दिवसांपासून सगळं एका नजरेत हवं होतं. आता जागा होती.

मी सुरू होतानाच्या फाईलमध्ये नवं रेझोल्यूशन लिहिलं आणि मशीन परत चालू केलं. पडदा काळाठिक्कर. पडद्याचा मोड जुळला नव्हता. दुसऱ्या वेळी अर्ध्या वाटेत अक्षरं विस्कटली. चाचा मागे स्टुलावर बसून रजिस्टर मांडीवर धरून थांबले होते. दोन तास तसे ते आंधळेच होते म्हणायचे, मधूनमधून उठून चेंबरच्या दारांना बाहेरून हात लावून अंदाज घेत होते. पडदा चालवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आधी लागायला हवा हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो लावला आणि चौथ्या वेळी पडदा लागला, दोनशे चाळीस अक्षरं रुंद, सदुसष्ट ओळी. मुंगीसारखी बारीक, पण कोरीव अक्षरं. मी आठही चेंबरची सगळी माहिती, मागच्या चोवीस तासांच्या आकड्यांसकट, एकाच पडद्यावर मांडली. शेठनी फोन काढून फोटो घेतला.

चाचा पडद्याजवळ गेले, मग मागे आले. म्हणाले, "बेटा, अक्षरं जरा मोठी होतील का?"

"होतील चाचा. पुढच्या खेपेला करते."

खरं तर ते तेव्हाच होत होतं. पडद्यावरच्या अक्षरांचा फॉन्ट दुप्पट केला असता तर एकशेवीस अक्षरं आणि तेहेतीस ओळी राहिल्या असत्या. आठ चेंबरना त्या पुरल्या असत्या. फक्त चोवीस तासांचे आकडे काढून टाकावे लागले असते, आणि त्यांचंच शेठना कौतुक होतं. मी मनात म्हटलं, म्हातारा माणूस, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

आणखी एक गोष्ट होती. ती मी कुणालाच सांगितली नाही.

जुन्या पडद्यावर एखाद्या चेंबरचं तापमान चढलं की त्याची ओळ लाल होऊन लुकलुकायची. ते लुकलुकणं माझ्या प्रोग्रॅमचं नव्हतं. जुन्या मोडमध्ये ते पडद्याचं कार्डच करतं, तुम्ही नुसता एक शब्द सांगायचा. नव्या मोडमध्ये अक्षरं चित्रासारखी रंगवली जातात, तिथे तो शब्द कुणी ऐकत नाही. मी चाचणीसाठी तीन नंबरचा आकडा मुद्दाम तीस केला, तेव्हा ओळ लाल झाली, पण जागच्या जागी स्थिर राहिली. मला कळलं होतं. दर अर्ध्या सेकंदाला ओळ पुसून परत लिहायची, एवढंच करायचं होतं. दहा ओळींचं काम. शेवटची एसटी सुटायला वीस मिनिटं होती. मी मनाशी म्हटलं, लाल तर दिसतंय ना. भोंगा तिथे पूर्वीच काढून टाकलेला होता, कॉम्प्रेसरच्या आवाजात तो ऐकूच यायचा नाही.

पुढच्या खेपेला मी गेले नाही. धुळ्याला आई आजारी होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली आणि जनरेटरवर सगळं परत सुरू झालं. सात कॉम्प्रेसर लागले, सहा नंबरचा लागला नाही. चाचा पडद्यासमोर होते. दर अर्ध्या तासाला त्यांनी रजिस्टर भरलं. संध्याकाळी क्रेट हलवणारी एक बाई सहाच्या दाराला टेकली आणि ओरडली, "अरे, सहा नंबरनं दार गरम लागी राह्यनं!" दार उघडलं तर आतून आंबूस वाफ आली. चेंबर भरून केळी होती आणि सगळी गेली होती.

शेठनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. म्हणाले, मशीनमधली नोंद काढून द्या. मी काढली. वीज गेल्यापासून सहा नंबरचा आकडा कसा चढत गेला ते मिनिटामिनिटानं कागदावर आलं. शेठनी तो कागद चाचांच्या रजिस्टरशेजारी ठेवला. रजिस्टरमध्ये सहा नंबरच्या रकान्यात सगळीकडे सतरा. सुबक अक्षरात, एकाखाली एक.

"इथे सत्तावीस, अठ्ठावीस, एकतीस," शेठ म्हणाले. "आणि तुम्ही सतरा लिहिताय. झोपला होतात का चाचा?"

"नाही शेठ."

"मग बघून लिहिलं?"

चाचा रजिस्टरच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"न बघता लिहिलं म्हणजे खोटं लिहिलं. माल गेला ते मी एकवेळ सोडून देईन. पण खोटं?"

शेठ वाईट नव्हते. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. चाचा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ते म्हणतील की मी हिला अक्षरं मोठी करायला सांगितली होती. ते काहीच बोलले नाहीत. मीही नाही. माझ्या हातात तो कागद होता. मी त्याच्या कडा जुळवत उभी राहिले.

चाचांनी शेडची चावी टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन बाहेर पडले. पायरी उतरताना त्यांनी चौकटीला हात लावला, मग पाय खाली सोडून जमीन चाचपली. मी ते पाहिलं. इतकी वर्षं ते असेच उतरत असतील, मी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी मी फॉन्ट मोठा केला. ओळ लुकलुकेल असंही केलं. दोन्ही मिळून पाऊण तासही लागला नाही.

पंधरा दिवसांनी मी जळगावात त्यांच्या घरी गेले. शिवणयंत्राशी चाची बसल्या होत्या. चाचा बाजेवर होते. माझा आवाज ऐकून त्यांनी तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

चाची चहा ठेवता ठेवता बोलू लागल्या. साखरेचा आजार जुना. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. डाव्यापुढे जाळी येते, कधी काळे ठिपके उतरतात. "कुणाला सांगू दिलं नाही यांनी. म्हणाले, कळलं तर कोण ठेवील कामावर?"

"मग तुम्ही आकडे कसे लिहायचात?" मी चाचांना विचारलं.

"जुना पडदा पाठ होता बेटा. अक्षर मोठं होतं, नाक लावलं की दिसायचं. आणि नसलं दिसत तरी काय? सतराच असतं. बिघडलं की ओळ लपलप करायची. तेवढं मला कोपऱ्यातनंही कळायचं. मग मी जवळ जाऊन बघायचो. त्या दिवशी लपलप झालंच नाही. मी दुपारभर बघत होतो. म्हटलं, सगळं ठीक शे."

मी सांगून टाकलं. नव्या मोडमध्ये ओळ लुकलुकत नाही, हे मला माहीत होतं. राहून गेलं.

चाचींचा हात कपबशीवर थांबला. चाचा बाजेवर सरळ बसले.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला सांगायचं ना," ते म्हणाले. "मी हात लावून बघितलं असतं. दार तर जागेवरच होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं, एखाद्यानं पत्ता विचारला आणि आपण चुकीचा सांगितला तर तो माणूस परत येऊन म्हणेल तसं.

मला काहीतरी करायचं होतं. मी सरळ चोपड्याला गेले आणि शेठसमोर सगळं ओकून टाकलं. फॉन्टचं, लुकलुकण्याचं, माझ्या आळसाचं. डोळ्यांचंही. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची चूक मान्य," ते म्हणाले. "पण मॅडम, त्याला दिसतच नाही, हे तुम्ही आता मला सांगताय. मग मी त्याला परत कसा बसवू? उद्या चेंबरमध्ये माणूस असताना काही झालं तर?"

त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. मी खोटेपणाचा डाग पुसायला गेले होते आणि त्याच्या जागी दुसरा लावून आले. तोवर चाचांना सावद्याकडच्या एका कोल्ड स्टोरेजवाल्यानं ये म्हटलं होतं. धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. आठ दिवसांत त्याचाही निरोप आला, तूर्त जागा नाही. चाचींनी मला फोनवर एवढंच विचारलं, "डोळ्यांचं तुम्ही कुणाला सांगितलं का?" मी हो म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

तरीही मी धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि चाचा आले. एसटीत ते खिडकीशी बसले. पारोळ्यापर्यंत आम्ही जेमतेम चार वाक्यं बोललो. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत औषध घालून बराच वेळ पाहिलं. उजव्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. डाव्यासाठी लेझर करून बघू म्हणाले, पण वर्षभर आधी यायला हवं होतं. वर्षभर आधी चाचा रोज सकाळी एका पडद्यासमोर बसून आपल्याला दिसतं असं सगळ्यांना दाखवत होते.

लेझर तीन वेळा झालं. पहिल्या वेळेनंतर त्यांना वाटलं फरक पडतोय. दिवाळीच्या सुमारास डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं आणि मग उजेड-अंधार एवढंच उरलं.

शेडवर आता चोपड्याचीच एक बाई बसते. डिप्लोमा झालेली, हुशार. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "अक्का, अक्षरं फार मोठी शेत हो, निम्मा पडदा वाया जातो. बारीक करून द्या ना." मी नाही म्हटलं. तिनं कारण विचारलं, तेव्हा सिस्टिमची अडचण आहे असं सांगितलं. तिला ते पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

चाचांकडे मी सुरुवातीला दर पंधरवड्याला जात होते. ते हात धरून बसवायचे, आईची चौकशी करायचे. चाची आतल्या खोलीत निघून जायच्या. गेल्या वेळी चाचा एकटेच होते. शेगडीवर दूध ठेवलेलं होतं आणि ते त्याच्या समोर कान देऊन उभे होते. दूध वर यायला लागलं तसा आवाज बदलला, त्यांनी अचूक बटण फिरवलं आणि हसले. "बघ, जमतंय."

मी म्हटलं, "हो चाचा."

त्यांच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते, काही जुने, काही ताजे. त्यानंतर मी गेलेले नाही.