काचेवरचा तळवा

२०२४ साल, मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. सांगलीच्या जत्रेत एका बाईनं तंबूत गोळीच्या खेळाचं जुनं यंत्र मांडलं होतं. पडदा नाही, कॉम्प्युटर नाही. बटण दाबलं की दांडी गोळीला वर उडवायची, खरी घंटा वाजायची, आकड्यांची चाकं खडाखडा फिरायची. लय मजा! प्रत्येक डावाआधी बाई काचेवर तळवा ठेवायची, ताप बघावा तसा.

मी कुंडलहून सोबत आलेल्या दोस्तापुढं बोलून बसलो, "वरचा लाल दिवा लावल्याबिगर घरी येत न्हाई."

दिवा लागायला एकाच ठोक्याचं काम उरलं आणि गोळी खाली घसरली. मी यंत्राला खांद्यानं ढुशी दिली. सगळे दिवे विझले, डाव बाद!

"आता मुक्काम हितंच व्हय रं?" दोस्त खिदळला.

बाई म्हणाली, "आवं आबा, आत तारेला वजन टांगलंय. लय ढकललं की ते कडीला लागतंय अन् डाव मोडतोय. जरा हलवलेलं चालतंय त्याला, दांडगाई न्हाई."

आजवर मला असं कुणी सुनावलं नव्हतं. तंबू मिटेपर्यंत खेळलो, दिवा लागला नाही. दोस्ताला एकट्यालाच एसटीत बसवलं आणि मी स्टँडवर झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उघडताच मी आधी काचेवर तळवा ठेवला, मग गोळी सोडली.