पाठमोरं घर

यवतमाळच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसते. काळी, प्लास्टिकची, झाकण उडू नये म्हणून वर वीट ठेवलेली. बायकोने शाळेतली नोकरी सांभाळून सगळ्या पोळ्या लाटल्या त्या या टाकीकडे पाहत. निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "मला आता लांबवरचं दिसेल अशी खिडकी पाहिजे." तिने आजवर काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मी जरा घाबरलोच.

शोधता शोधता आम्ही वणीच्या रस्त्यावरून आत एका खोऱ्यात पोचलो. दोन्हीकडे सागाच्या टेकड्या, मधून नाला, नाल्याच्या काठाने कपाशीची आणि तुरीची वावरं. दलालाने चढावरचं एक घर दाखवलं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे थोडी मोकळी जागा. त्या मागच्या जागेत बायको गेली ती तिथेच उभी राहिली. सगळं खोरं पायाशी पसरलेलं होतं.

मी वळून घराकडे पाहिलं आणि चक्रावलो. या बाजूला खिडकी नाही, दार नाही, साधा झरोकासुद्धा नाही. सगळी दारं-खिडक्या पुढे, रस्त्याच्या अंगाला, जिथे पाहायला एक विजेची डीपी आणि कडब्याची गंजी. बांधणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का, असं मी दलालाला विचारलं. तो म्हणाला, "वास्तू असंन."

घर एका म्हातारीचं होतं. नवरा वारलेला, मुलगा राजूरला खाणीत कामाला. ती त्याच्याकडे राहायला निघाली होती. वावर तिने मक्त्याने दिलं होतं, घर मात्र विकायचं होतं. व्यवहार चहा निवायच्या आत जमला. मग बायको आनंदाने बोलून गेली, "ही मागची भिंत फोडून इथे मोठी खिडकी करू."

म्हातारीने बशी खाली ठेवली. "मंग नाही जमत."

"का हो मावशी?"

"भिंतीले आत्ता हात नाही लावाचा. एक कपाशी निंगू द्या. सीतादहीले मी येईनच, तवा विचारीन. फोडाची म्हनसान तं फोडा, मी काई म्हननार नाही."

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. कपाशीच्या झाडाखाली दही-भाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वेचायला लागायचं. वावर दुसऱ्याला दिलं तरी हा मान तिने स्वतःकडे ठेवला होता. पण त्याचा भिंतीशी काय संबंध? विचारलं, तर म्हणाली, "सांगून नाही समजत."

ओळखीचे वकील हसले. खरेदीखत झालं की भिंत तुमची, म्हणाले. पण बायकोने निघताना पाया पडून तिला शब्द दिला होता, आणि बायकोचा शब्द खरेदीखताहून पक्का. ज्या खिडकीसाठी घर घेतलं तीच अडकून बसली.

राहायला आल्यावर मी गावात चौकशी केली. गवंडी म्हणाला, पश्चिमेची भिंत आहे, वैशाखात ऊन भाजून काढेल. चहावाला म्हणाला, भिंतीत काहीतरी पुरलेलं असेल. बायको अंघोळीला गेली की मी भिंत बोटांनी ठोकून पाहायचो. सगळीकडे सारखाच आवाज येई. शिकलासवरलेला माणूस भिंतीला कान लावून उभा, आणि कशासाठी ते त्यालाच ठाऊक नाही!

बायकोने तोवर मागच्या अंगणात खुर्ची टाकली होती. रोज संध्याकाळी चहा घेऊन ती टेकड्यांकडे बघत बसे. मी तिच्याकडे बघे आणि मला बरं वाटे. पेरण्या झाल्या तेव्हा तिला वाटलं, जागा पडीत का ठेवायची? म्हणून तुरीची एक ओळ, चवळी, वांगी आणि हौसेने चार झाडं कपाशीची लावली.

तिथून काय बिनसलं ते माझ्या ध्यानात येईना. चहाचा कप खुर्चीवर राही आणि बाई वाफ्यात. "बस ना जरा," मी म्हणे. "तण दिसतंय ना," ती म्हणे. तण झालं की अळ्या, अळ्या झाल्या की रानडुकरं. खोऱ्यावर हिरवा रंग चढला होता, नाला भरून वाहत होता, आणि हिची मान खाली. भाद्रपदात एक दिवस खुर्ची मागे दिसेना. पाहतो तर ती पुढच्या ओसरीवर, डीपीकडे तोंड करून. डास चावतात का विचारलं, नाही म्हणाली. रुसलीस का विचारलं, हसली. मला खरंच काही उमजेना. एवढा आटापिटा करून घेतलेलं घर हिच्या मनातून उतरलं, या भीतीने मी गुपचूप गवंड्याला सांगून ठेवलं. खिडकी झाली की ही ताळ्यावर येईल, असं मला वाटलं.

सीतादहीला म्हातारी आली. वावरात पूजा करून दही-भाताचा डबा घेऊन वर आली. आमच्या वाफ्यातून एक फेरी मारली. मग घरात येऊन त्या भिंतीशी बसली. "बोला मंग. फोडाची का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "राहू द्या, मावशी."

"अगं, याच्यासाठीच तर आपण..." मी म्हणालो. दोघींपैकी कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हातारी बायकोला सांगू लागली, "पह्यले इथं कुडाचं घर होतं. दार वावराकडं. जेवाले बसली का वावर दिसे, आन अर्धी भाकर ठेवून मी उठो. हे घर बांधलं तवा माह्या मालकानं तिकून भिंतच घातली. म्हने, एक येळ तं बसून जेव."

बायकोने तिथेच, भिंतीशी, तीन पाट मांडले. मला म्हातारीचं म्हणणं पटलं नाही. खोरं काय फक्त कामच असतं? मी हट्टाने माझं ताट आणि ओसरीवरची खुर्ची घेऊन मागे गेलो, तिथे बसलो. टेकड्यांवर कोवळं ऊन होतं, खाली कापूस फुटला होता. दोन घास खाल्ले असतील, तोच चवळीचा मांडव एका बाजूने कललेला दिसला. ताट खुर्चीवर ठेवून मी उठलो.

मांडव बांधून, ताट घेऊन आत आलो तेव्हा दोघी सावकाश जेवत होत्या. माझा पाट तसाच मांडलेला होता. मी भिंतीला टेकून बसलो आणि उरलेला भात संपवला.